लाइनवर नवीन येणाऱ्या पोरांसाठी : ट्रक-बसचे नियम, पहिल्या दिवसापासून

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगाव-पांढरकवडा पट्ट्यात बारावी झाली आणि शेतीत मन नाही लागलं की पोरगं एक तर भरतीची तयारी करते नाही तर कोणाच्या तरी गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढते. मीही तसाच चढलो. कोळशाच्या गाडीवर किन्नर, मग ड्रायव्हर, मधात दोन वर्षं नाइटच्या बसवर, आता स्वतःच्या दोन गाड्या आहेत. गावातली पोरं विचारत राहतात की काका लाइनवर यायचं आहे, काय लागते, कसं करायचं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढून राहिलो.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा, पण लायसन तुझं, एफआयआरमध्ये नाव तुझं आणि स्टेअरिंगच्या मागं छातीही तुझीच. मालक वाईट असते असं नाही, पण त्याला भाडं दिसते आणि तुला रस्ता. मालकाला नाही म्हणायची पाळी येते तेव्हा तुझ्या बाजूनं उभी राहणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे नियम. म्हणून ते पाठ करून घे.

पहिलं काम लायसन

अठराव्या वर्षी हलक्या गाडीचं लायसन निघते. भारी गाडीसाठी, म्हणजे ट्रान्सपोर्टसाठी, वय २० पूर्ण पाहिजे आणि हलक्या गाडीचं लायसन हातात येऊन कमीत कमी १ वर्ष झालेलं पाहिजे. मग ट्रान्सपोर्टचं शिकाऊ, मोटार ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म ५, डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-अ आणि शेवटी आरटीओत ट्रायल. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली, त्यामुळं शाळा सुटलेल्या पोरांनाही आता लायसन निघते. प्रवासी गाडी चालवायची असली तर बॅज वेगळा काढावा लागते, त्यासाठी पोलिस पडताळणी होते. डोळे मात्र खरोखर तपासून घे. फॉर्मवर शिक्का मिळाला म्हणजे झालं असं करू नको, रात्री समोरच्या लाइटनं डोळे दिपत असतील तर ते डॉक्टरला सांग, चष्मा लागला तर लाव.

ट्रान्सपोर्ट लायसन ५ वर्षं चालते, पेट्रोल-केमिकलसारखा धोकादायक माल नेणारं ३ वर्षं. आधी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे तारीख संपली की दुसऱ्या दिवशी तू बिनलायसनचा. मुदत संपायच्या १ वर्ष आधीपासून रिन्यूचा अर्ज करता येते, मग कायले थांबायचं. आणि संपून १ वर्ष होऊन गेलं तर परत ट्रायल द्यावी लागते.

पिकअप आणि छोटा हत्ती चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या गाडीचं लायसन पुरते, वेगळं ट्रान्सपोर्ट लागत नाही. सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायाधीशांच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं. त्याच्यावरची कोणतीही गाडी घ्यायची तर ट्रान्सपोर्ट पाहिजेच. किन्नर असताना "पार्किंगमधून काढ फक्त" म्हणून ट्रकची चाबी हातात देतात, तीही घेऊ नको. बिनलायसन चालवल्यावर कायद्यात ५,००० दंड आहे आणि चालवायला देणाऱ्या मालकालाही वेगळे ५,०००, पण खरा मार असा आहे की काही झालं तर इन्शुरन्स कंपनी नेमकं हेच पुढं करते.

पेट्रोल टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं ३ दिवसांचं ट्रेनिंग आणि लायसनवर तशी नोंद लागते, टँकरवर कोणता माल आहे ते सांगणारी पाटी आणि केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे तो माल सांडला-पेटला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, लागते. नवीन असशील तर तिकडं दोन-चार वर्षांनी जा.

कागद स्वतः वाच

गाडी ताब्यात घेताना मालक एक फाटकी फाइल देते आणि म्हणते सगळं आहे त्याच्यात. तिथंच बसून उघड. आरसी, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी, टॅक्सची पावती, आणि प्रत्येकाची शेवटची तारीख तुझ्या मोबाइलमध्ये लिहून ठेव. नवीन गाडीपासून ८ वर्षांपर्यंत फिटनेस दर २ वर्षांनी आणि त्याच्यानंतर दरवर्षी करावं लागते. फिटनेस संपलेली गाडी कायदा नोंदणीच नसल्यासारखी धरते, म्हणजे बाकी सगळे कागद ठीक असूनही तू अडकलास. परमिट नसताना चालवलं तर १०,००० दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद लिहिली आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, पण रेंज नसलेल्या जागी पंचाईत होते म्हणून झेरॉक्स ठेव.

मालासोबत बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, आणि ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, असते. ई-वे बिलाला साधारण २०० किलोमीटरला १ दिवस मिळते, गाडी बिघडली तर ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून वाढवून घेता येते. हे सांगायचं कारण असं की बिल संपते म्हणून पळव असं कोणी म्हटलं तर तुला माहीत पाहिजे की पळवायची गरज नाही. आणि ढाब्यावर कोणी बंद पार्सल दिलं की "पुढं फलाण्या ठिकाणी दे, पाचशे घे", हात लावू नको. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, आणि पकडलं तेव्हा पार्सल देणारा कुठंच दिसत नाही.

गाडीला फेरी मारल्याशिवाय चाबी फिरवायची नाही

माझ्या उस्तादानं मला पहिले तीन महिने स्टेअरिंगला हात लावू दिला नाही, फक्त सकाळची फेरी मारायला लावली. तेव्हा राग यायचा. आता माझ्या गाडीवर नवीन येणाऱ्यालाही मी तेच करायला लावतो.

ड्रायव्हर साइडच्या पुढच्या चाकापासून सुरू कर आणि गाडीला पूर्ण वेढा मारून तिथंच ये. हातात लाकडी मुठीचा हातोडा किंवा रॉड घे. प्रत्येक टायरवर ठोक. हवा भरलेला टायर टणटण उसळते, रॉड हातात परत येते. कमी हवेचा टायर धप्प करते आणि रॉड तिथंच बसते. मागच्या जोडीतला आतला टायर दिसत नाही म्हणून पोरं तो सोडतात, आणि फुटते तोच. दोन टायरच्या मधात गोटा अडकला आहे का ते वाकून पाह्य, खाणीतून निघालेल्या गाडीत हमखास असते, आणि हायवेवर तो सुटला की मागच्या मोटारसायकलवाल्याचं डोकं फोडते. टायरच्या खाचेत रबराची बारीक उंच पट्टी असते, झीज तिथपर्यंत आली म्हणजे टायर संपला. चाकाच्या नटाभोवती गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसली म्हणजे नट ढिला आहे, तिथंच पाना लाव.

मग खाली वाक. तेल टपकलं का, हवेचा पाइप कुठं घासून राहिला का. एअर टँकच्या खालचा कॉक ओढून पाणी काढ, रोज. पावसाळ्यात तर ग्लासभर निघते. ते पाणी तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह गंजते आणि ब्रेक नेमका नको तिथं धोका देते. गाडी चालू केल्यावर हवेचा काटा वर येऊन बझर बंद होईपर्यंत हँडब्रेक सोडायचा नाही. घाई असली तरी नाही.

मागचे लाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, आणि रेडियम. समोर पांढरी पट्टी, बाजूला पिवळी, मागं लाल, हा नियमच आहे. कोळसा-सिमेंटच्या गाडीवर धुळीनं ती पट्टी एका ट्रिपमध्ये आंधळी होते. एक ओला फडका मारायला दोन मिनिटं लागतात. मागचा अंडररन गार्ड, म्हणजे खालचा लोखंडी दांडा, वाकला किंवा कापून टाकलेला असेल तर मालकाला सांगून लावून घे, तो दांडा नसला तर मागून येणारी कार सरळ गाडीखाली शिरते. शेवटी केबिनमध्ये फर्स्ट एड, आग विझवायचा सिलिंडर, रिफ्लेक्टर त्रिकोण आणि चाकाखाली लावायचे दोन लाकडी गुटके. गुटक्याच्या जागी रस्त्यावरचा दगड लावतात आणि जाताना तो तिथंच सोडून देतात, असं कधी करू नको, रात्री त्याच दगडावर कोणाची तरी मोटारसायकल चढते.

उन्हाळ्याची वेगळी गोष्ट. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते आणि सिमेंट रोड त्याहून तापते. हवा सकाळी टायर थंड असताना कंपनीनं सांगितली तेवढीच भर, गरम टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून काढू नको. आता नव्या ट्रकला एसी केबिन बंधनकारक झाली हे फार चांगलं झालं, पण बहुतेकांच्या हाती जुन्याच गाड्या आहेत, त्यांनी दुपारी १२ ते ४ जमेल तेवढं थांबावं.

माल भरताना

आरसीवर दोन वजनं असतात, एक भरलेल्या गाडीचं एकूण आणि एक रिकाम्या गाडीचं. वजाबाकी केली की तुझी पासिंग. समजा एकूण १८,५०० आणि रिकामी ६,८०० असेल तर ११,७०० किलो, त्याच्यातच तू, किन्नर, डिझेल, ताडपत्री, सगळं आलं. २०१८ मध्ये केंद्रानं एक्सलचं वजन वाढवलं म्हणून कोणी तोंडी आकडा सांगते, तो ऐकू नको, तुझ्या आरसीवर जो छापला आहे तोच खरा.

ओव्हरलोडला कायद्यात २०,००० दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. काट्यावर गाडी घ्यायला नकार दिला तर ४०,०००. माल बाजूनं, मागून किंवा वरून बाहेर निघालेला असेल तरी २०,०००. मालक म्हणते दंड मी भरीन. भाऊ, दंड तो भरीन पण राजूर घाटात उतरताना ब्रेक गरम झाला तर तो पाय तुझा आहे.

घाटाचं आत्ताच सांगून टाकतो. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, तेव्हा इंजिनची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येते, आणि लायनर तापून गुळगुळीत झाला की पॅडल दाबूनही काही होत नाही. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं.

कापसाच्या गाड्या हिवाळाभर जिनिंगकडं जातात, बोरे भरून बाजूनं फुगलेल्या. त्यात दोन धोके आहेत. एक म्हणजे फुगवट्यामुळं आरशात मागचं काहीच दिसत नाही. दुसरा म्हणजे गावातल्या लोंबणाऱ्या तारा. तार घासली, ठिणगी पडली की कापूस आतल्या आत धुमसते आणि चार किलोमीटर पुढं गेल्यावर भडकते. गावात शिरायच्या आधी किन्नरला खाली उतरवून तारा पाह्यला लाव, आणि गाडीजवळ बिडी कोणालाच ओढू देऊ नको, मालकाच्या भावालाही नाही.

झोप

इथं जरा थांबून वाच.

कामाचे तास रोज ८ आणि आठवड्याला ४८. लांबच्या रूटला जास्तीत जास्त १० आणि ५४. सलग ५ तासांनंतर कमीत कमी अर्धा तास आराम. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात हे असं लिहिलेलं होतं, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कामगार कायदा आला. आणि लाइनवर काय चालते ते तुला पहिल्याच महिन्यात दिसेल.

माझी तिसरी रात्र होती. दोन रात्री खाणीवर नंबर लागायची वाट पाहण्यात गेल्या, नीट झोप नाही, आणि तिसऱ्या रात्री माल घेऊन नागपूरकडं निघालो. जाम गावाच्या थोडं अलीकडं पहाटे चारचा सुमार असेल. मला वाटत होतं की मी जागा आहे. डोळे उघडेच होते, रस्ता दिसत होता, फक्त मधातले दोन-तीन किलोमीटर आठवत नव्हते. तेवढ्यात किन्नर ओरडला आणि माझ्यासमोर एक उभा ट्रक होता, ना लाइट ना रेडियम. मी स्टेअरिंग कापलं, डाव्या बाजूचा आरसा त्याच्या बॉडीवर फुटला आणि आम्ही शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, जाऊन थांबलो. माझे पाय इतके थरथरत होते की क्लच सोडता येईना. सकाळी मालकाला फोन केला तर तो म्हणाला, "आरसा कितीचा येते?"

त्या दिवसापासून मी चार खुणा धरून ठेवल्या आहेत, त्यातली एकही दिसली तर गाडी बाजूला. मागच्या दोन किलोमीटरमधलं काही आठवत नाही, गिअर चुकला, लेनच्या पट्ट्यावरून चाक गेलेलं कळलं नाही, किंवा समोरच्याला डिपर द्यायला उशीर झाला. चहा, तंबाखू, गाणे, तोंडावर पाणी, हे सगळं पंधरा मिनिटांचं आहे. झोपेला झोपच लागते. ढाब्यावर किंवा पंपावर गाडी लावून वीस मिनिटं पडला तरी माणूस परत येते, आणि रात्री २ ते ५ च्या मधात तर शक्यतो चालवूच नको. ढाब्यावर गोळ्या मिळतात जागं राहायच्या, त्या घेणारे मी पाहिले आहेत, त्या उतरतात तेव्हा माणूस एकदम उतरते.

समृद्धी महामार्गावर हे दुप्पट लक्षात ठेव. सरळ रस्ता, एकसारखा आवाज, सिग्नल नाही, गाव नाही, त्यामुळं जागा माणूसही बधिर होते. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. मी स्वतः नाइट बस चालवलेली असल्यामुळं ती बातमी माझ्या डोक्यातून जात नाही. तिथं वेगाची मर्यादा मालाच्या गाडीला ८०, बसला १००, घाटात बसला ८०. गाडी बिघडली तरच थांब, आणि ती शोल्डरवर घेऊन, झोपायला थांबायचं असेल तर इंटरचेंजवरून बाहेर पडून पंपावर जा.

मालकाला नाही कसं म्हणायचं तेही शिकून घे. भांडायचं नाही. "शेठ, झोप झाली नाही, सकाळी सहाला निघतो, नऊला पोचतो", असा वेळ सांगून बोल आणि तेच व्हॉट्सअॅपवर लिहून टाक. लिहिलेलं राहते.

रस्त्यावर

साध्या दुपदरी रस्त्यावर ट्रक आणि बस दोघांनाही ६०, मधात दुभाजक असलेल्या चौपदरीवर ट्रकला ८० आणि बसला ९०. डंपर, टँकर आणि स्कूलबसच्या स्पीड गव्हर्नरची, म्हणजे वेग बांधून ठेवणाऱ्या यंत्राची, मर्यादा ६० आहे. गव्हर्नरची तार कापून देणारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं जाऊ नको, फिटनेसला तर अडकशीलच.

संध्याकाळी ६ ते ८ ही आपल्या भागातली सगळ्यात वाईट वेळ. गुरं परत येतात, बैलगाड्यांना मागं काहीच चमकत नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लाइट नसते. गावाजवळ ४० वर ये. जंगलपट्ट्यात मनसर-खवासाकडं किंवा नवेगावच्या बाजूनं रात्री रोही आणि रानडुक्कर आडवे येतात, एक गेला की लगेच पाय देऊ नको, मागं कळप असते.

दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, पहिल्यांदा सापडला तर १०,००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. माझा नियम शून्य आहे, आणि रात्री पिऊन सकाळी निघणंही त्याच्यातच येते. सीटबेल्ट ट्रकमध्येही लागते. मोबाइल हातात धरून चालवणं धोकादायक चालवण्यात धरतात.

बसवर असाल तर

सीटपेक्षा जास्त माणूस घेतलं तर प्रत्येकामागं २०० दंड आहे, पण मोठी गोष्ट ती नाही. मोठी गोष्ट आहे बाहेर पडायचा रस्ता. निघायच्या आधी इमर्जन्सी दरवाजा स्वतः एकदा उघडून बंद कर, त्याच्यासमोर बॅगा किंवा जादा सीट टाकू देऊ नको, काच फोडायचे हातोडे जागेवर आहेत का मोज. निघताना दोन मिनिटं उभं राहून प्रवाशांना सांग की दरवाजा तिथं आहे, हातोडा इथं आहे. सुरुवातीला लाज वाटते, पण लोक ऐकतात. टपावर माल, डिक्कीत पेट्रोलची मोटारसायकल, हे मालकानं सांगितलं तरी नको.

अपघात झाला तर

गाडी थांबव, इंजिन बंद, इंडिकेटर चारही चालू, आणि पन्नास-साठ पावलं मागं त्रिकोण ठेव. ॲम्ब्युलन्स १०८, पोलिस ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीला मदत मिळवून देणं ही ड्रायव्हरची कायद्यानं जबाबदारी आहे, पण जमाव मारायला धावला तर तिथं थांबायची सक्ती नाही, सरळ जवळचं पोलिस स्टेशन गाठ आणि कळव, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. पळून घरी जाऊन बसला तर साधी केस अवघड होते. अपघात करून न कळवता पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षेच्या ज्या कलमावरून २०२४ च्या जानेवारीत चक्का जाम झाला होता ते कलम १ जुलै २०२४ ला बाकीचा कायदा, म्हणजे भारतीय न्याय संहिता, लागू झाला तेव्हा थांबवून ठेवलं होतं, पण निष्काळजीपणानं जीव गेला तर ५ वर्षांपर्यंतची शिक्षा आहेच. आणि जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या माणसाला पोलिस अडकवू शकत नाहीत, हे ढाब्यावर सगळ्यांना सांग. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार आहे, त्यामुळं पैसे नाहीत म्हणून कोणी तासभर तसंच पडून राहू नये.

पुढं स्वतःची गाडी घेतली तर

मी केबिनमध्ये एक साधी वही ठेवली आहे. ड्रायव्हर रोज त्याच्यात तीन गोष्टी लिहिते, किती वाजता झोपला, किती वाजता उठला, आणि सकाळच्या फेरीत काय सापडलं. सुरुवातीला सगळे खोटंच लिहायचे, आठ तास झोपलो म्हणून. मंग मी एकदा एका पोराची ट्रिप त्याच्या वहीवरूनच रद्द केली, त्यानं चार तास लिहिले होते, आणि त्याचा भत्ता पूर्ण दिला. तेव्हापासून खरं लिहून राहिले. मागच्या हप्त्यात वहीत होतं, "मागचा आतला टायर धप्प, घुग्घुसला बदलला, दोन तास गेले." ते दोन तास मी व्यापाऱ्याला फोन करून सांगितले, तो जरा चिडला, आणि माल उतरला.